इंग्लंडमध्ये जीपीची अपॉइंटमेंट: नाव नोंदवण्यापासून पाठपुराव्यापर्यंत

इंग्लंडमध्ये नव्याने आलेली मराठी माणसं एकत्र जमली की जीपीचा, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरचा, विषय निघतोच. फोन लागत नाही, लागला तर अपॉइंटमेंट नाही म्हणतात, मिळालीच तर पॅरासिटामॉल घ्या सांगून घरी पाठवतात. यातल्या बऱ्याच तक्रारी खऱ्या आहेत. पण पुष्कळदा अडचण येते ती आपण घरच्या सवयीने वागतो म्हणून. आपल्याकडे दवाखान्यात जायचं, नंबर लावायचा, बाकावर बसायचं आणि पाळी आली की आत जायचं. हाड दुखलं तर थेट हाडांचा डॉक्टर, कान दुखला तर थेट कानाचा. इथे तसं होत नाही. तज्ज्ञ डॉक्टरांकडे जायचा रस्ता बहुतेक वेळा जीपीच्या सर्जरीतून (इथे दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात) जातो, आणि सर्जरीत तुम्हाला कधी बोलवायचं, कोणी बघायचं हे तुम्ही सुरुवातीला जी चार वाक्यं सांगता त्यावर ठरतं. त्यामुळे सगळा जोर त्या चार वाक्यांवर द्यायला हवा. ती कशी सांगायची, त्याआधी काय तयारी हवी आणि नंतर पाठपुरावा कसा ठेवायचा, ते क्रमाने लिहिते.

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्येही एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, आहे, पण तिथली ॲप्स आणि नियम वेगळे, आणि तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांना पैसेही पडत नाहीत.

आजारी पडायच्या आधी नाव नोंदवा

राहायला घर मिळालं की त्याच आठवड्यात हे काम उरका. अंगात ताप असताना फॉर्म भरत बसण्यासारखा वैताग नाही. एनएचएसच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की जवळच्या सर्जरींची यादी येते. प्रत्येक सर्जरीचा ठरलेला भाग असतो. तुमचं घर त्यात आहे ना, हे आधी बघा. भागाबाहेरच्या माणसालाही काही सर्जरी घेतात, पण मग डॉक्टर घरी येऊन तपासतील अशी अपेक्षा ठेवता येत नाही. बहुतेक ठिकाणी नोंदणी ऑनलाइन होते. नाहीतर काउंटरवर कागदी फॉर्म मागा.

इथे पुष्कळ जण अडकतात ते कागदपत्रांवर. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, व्हिसा यांपैकी काही हाताशी नसलं तरी सर्जरीला त्या कारणावरून नोंदणी नाकारता येत नाही. रिसेप्शनवर कागद मागतात, असतील तर दाखवा, नोंद शोधायला त्यांना सोपं जातं. नसतील तर शांतपणे सांगा की एनएचएसच्या नियमांनुसार ते बंधनकारक नाही. तरीही नकार मिळाला तर कारण लेखी मागा; ते १४ दिवसांच्या आत देणं सर्जरीवर बंधनकारक आहे. तुम्ही त्यांच्या भागात राहत नाही, किंवा नव्या रुग्णांसाठी त्यांची यादी सध्या बंद आहे, ही रास्त कारणं. "भाडेकरार अजून झाला नाही" हे रास्त कारण नाही.

पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांचं काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. जीपीकडची तपासणी कोणालाही मोफत आहे, व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनाही. त्या गावात २४ तासांपेक्षा जास्त पण तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असाल तर तात्पुरती नोंदणी होते; त्याहून जास्त राहणार असाल तर नेहमीची. पण म्हणून विम्याशिवाय आणू नका. जीपीने हॉस्पिटलात पाठवलं की हिशोब बदलतो. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्यांनी हेल्थ सरचार्ज आधीच भरलेला असतो (फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थी आणि मुलांना ७७६), म्हणून त्यांना हॉस्पिटलचे पैसे पडत नाहीत. पाहुण्यांनी तो भरलेला नसतो. त्यांना हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येऊ शकतं. आपत्कालीन विभागातले उपचार मोफत असतात, पण तिथून वॉर्डात दाखल केलं की मीटर सुरू. आईवडिलांना मधुमेह, रक्तदाब असेल तर विमा घेतानाच ते सांगून टाका. लपवलं की नेमक्या वेळी विमा कामाला येत नाही.

नोंदणीबरोबर तब्येतीची प्रश्नावली येते. तिथे औषधांची भारतातली ब्रँड नावं लिहिली तर इथल्या डॉक्टरांना त्यातून काही बोध होत नाही. ग्लायकोमेट नव्हे, मेटफॉर्मिन लिहा. थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. स्ट्रिपवर ब्रँडच्या आसपास बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. प्रत्येक स्ट्रिपचा त्या बाजूचा स्पष्ट फोटो काढून फोनमध्ये ठेवा. मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाची प्रतही त्याच वेळी द्या. आणि मोबाइल नंबर दोनदा तपासा, कारण पुढचं सगळं त्याच नंबरावर येणार आहे. भारतातून आणलेल्या गोळ्या संपायला निदान महिनाभर असतानाच पहिली अपॉइंटमेंट मागा. ते औषध इथे तसंच द्यायचं की बदलायचं हे इथले डॉक्टर ठरवतात, आणि त्याआधी रक्ततपासणी करायला सांगू शकतात.

नोंदणी झाली की एनएचएस ॲप लगेच फोनवर घ्या. वय १३ पूर्ण झालेल्या कोणालाही ते वापरता येतं. ओळख पटवण्यासाठी पासपोर्टचा फोटो आणि चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ लागतो. पडताळणीला वेळ लागू शकतो, म्हणून गरज पडायच्या आधीच करून ठेवायचं. लहान मुलांची किंवा वयस्कर आईवडिलांची खाती आपल्या ॲपवरून बघायची असतील तर सर्जरीत 'प्रॉक्सी ॲक्सेस' मागा.

प्रत्येक दुखण्याला जीपी लागत नाही

याचा राग येतो हे मला माहीत आहे, पण खरंच वेळ वाचतो. कोपऱ्यावरच्या फार्मसीतला फार्मसिस्ट इथे नुसता गोळ्या मोजून देणारा माणूस नसतो. ३१ जानेवारी २०२४ पासून 'फार्मसी फर्स्ट' योजनेखाली सात तक्रारींवर तो स्वतः तपासून, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा देऊ शकतो: घसादुखी, सायनसचा त्रास, १ ते १७ वर्षांच्या मुलांचा कान दुखणं, चिघळलेला कीटकदंश, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण, आणि १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग. अपॉइंटमेंट लागत नाही, बंद खोलीत बोलता येतं, आणि त्याला शंका वाटली तर तोच जीपीकडे पाठवतो.

काही सेवांसाठी मध्ये जीपी लागतच नाही. गरोदर असाल तर मिडवाइफकडे (गरोदरपण आणि बाळंतपण बघणाऱ्या प्रशिक्षित सुईणीकडे) थेट नाव नोंदवता येतं. नैराश्य, चिंता यांसाठी 'टॉकिंग थेरपीज' या बोलून उपचार करणाऱ्या सेवेत स्वतः अर्ज करता येतो. पुष्कळ भागांत फिजिओथेरपीही अशीच थेट मिळते. दात आणि डोळ्यांसाठी डेंटिस्ट आणि ऑप्टिशियन; दातदुखी घेऊन जीपीकडे गेलात तर ते परत पाठवतील.

सर्जरी बंद असेल आणि सकाळपर्यंत थांबणं बरं वाटत नसेल तर १११. हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि दुभाष्या मागता येतो. मानसिक त्रास अनावर झाला असेल तर त्याच नंबरवर दोनचा पर्याय निवडा. छातीत दुखून घाम फुटणं, चेहरा एका बाजूला ओघळणं, हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, श्वास घेता न येणं, थांबत नसलेला रक्तस्राव: यांपैकी काही दिसलं तर सर्जरी, ॲप, १११ काहीच नाही, सरळ ९९९. सर्जरीच्या फोनच्या रांगेत थांबून यातलं काही निभावत नाही.

मागणी कशी करायची

सर्जरीशी संपर्क साधायचे तीन रस्ते: ऑनलाइन फॉर्म, फोन आणि प्रत्यक्ष काउंटर. सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६:३० या वेळेत तिन्ही खुले असले पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तातडीच्या नसलेल्या तक्रारींसाठी ऑनलाइन फॉर्म दिवसभर चालू ठेवणं सर्जरींना बंधनकारक झालं. त्याआधी पुष्कळ ठिकाणी तो सकाळीच भरला म्हणून बंद व्हायचा. इंटरनेट जमत नसलेल्या माणसाने फोन केला किंवा समोर येऊन विचारलं, तर त्याला नुसतं "ऑनलाइन करा" म्हणून परत पाठवणं बरोबर नाही.

दुसरा नियम त्याहून कामाचा आहे आणि फार कमी लोकांना ठाऊक असतो. एनएचएसने जीपींशी केलेल्या २०२३ सालच्या करारापासून सर्जरीने तुमच्या पहिल्याच संपर्कात तुमचं पुढे काय होणार हे सांगायचं असतं. अपॉइंटमेंट देतील, फार्मसीकडे पाठवतील, १११ सुचवतील किंवा डॉक्टर फॉर्म वाचून कळवतील म्हणतील. पण "आजच्या जागा संपल्या, उद्या सकाळी आठला पुन्हा फोन करा" हे उत्तर आता चालत नाही. ते मिळालं तर आवाज न चढवता विचारा: "उद्या पुन्हा फोन न करता माझी मागणी आजच नोंदवून घ्याल का?" बहुतेक वेळा एवढं पुरतं.

सकाळी आठला फोनवर अक्षरशः झुंबड असते. त्याच दिवशी तपासायलाच हवं असेल तर आठच्या ठोक्याला फोन लावा. रांगेतला नंबर न गमावता परत फोन येण्याचा पर्याय असेल तर तो घ्या. नेहमीचं औषध, जुनं दुखणं, रिपोर्टबद्दल शंका, यासाठी त्या गर्दीत शिरू नका. अकरानंतर फोन करा किंवा फॉर्म भरा.

रिसेप्शनवरची व्यक्ती "काय होतंय?" असं विचारते तेव्हा आपल्या लोकांना ते खटकतं. डॉक्टरला सांगेन, तुम्हाला कशाला? पण तिला प्रशिक्षण असतं, गोपनीयतेचं बंधन डॉक्टरांइतकंच असतं, आणि तुम्हाला कोणाकडे पाठवायचं हे तिच्या नोंदीवरून ठरतं. सर्जरीत जीपीशिवाय नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल फार्मसिस्ट, फिजिओ, मानसिक आरोग्याचे कार्यकर्ते, रक्त काढणारे असे बरेच जण असतात. गुडघा दुखतो म्हटल्यावर थेट फिजिओची वेळ मिळाली तर ती आनंदाने घ्या. त्या विषयात त्यांचा हात चांगला बसलेला असतो. नाजूक बाब असेल तर "खासगी आहे, स्त्री डॉक्टरांशीच बोलेन" एवढं सांगितलं तरी चालतं.

आता त्या चार वाक्यांकडे. "मला बरं वाटत नाही, डॉक्टरांना भेटायचं आहे" यातून वाचणाऱ्याला काहीच हाती लागत नाही, म्हणून तो तुम्हाला रांगेच्या शेवटी टाकतो. "मला अल्सर झालाय, एंडोस्कोपी हवी" यातूनही नाही, कारण निदान तुम्ही केलंत, लक्षणं सांगितलीच नाहीत. सांगायचं ते असं: काय होतंय, कुठे, कधीपासून, वाढतंय की तसंच आहे, त्यामुळे रोजचं काय अडतंय, आधीचे आजार आणि औषधं, घरी काय करून पाहिलं, आणि तुम्हाला नक्की कसली धास्ती वाटते आहे. इंग्रजीत लिहायचा मजकूर साधारण असा असावा:

"वय ४६, स्त्री. तीन आठवड्यांपासून पोटाच्या वरच्या भागात, मधोमध जळजळ होते. जेवणानंतर तासाभराने वाढते, रात्री दोनदा झोपमोड होते. गेल्या आठवड्यापासून अन्न गिळताना अडकल्यासारखं वाटतं. न ठरवता वजन तीन किलो उतरलं आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दोन वेळा घेते. फार्मसीतून घेतलेल्या ॲसिडिटीच्या औषधाने दोन आठवड्यांत फरक पडला नाही. वडिलांना जठराचा कर्करोग झाला होता, म्हणून काळजी वाटते. दुपारी दोननंतर फोन घेऊ शकते."

यातली तीन वाक्यं वाचणाऱ्याला खडबडून जागं करतात: गिळताना अडकणं, न ठरवता वजन उतरणं, वडिलांचा आजार. आपली माणसं नेमकी हीच वाक्यं गाळतात. वजन उतरलं याचं तर कौतुकच झालेलं असतं, आणि कर्करोगाचं नाव तोंडातून काढायला नको वाटतं. शौचातून किंवा लघवीतून रक्त, स्तनातली गाठ, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव, आठवडेच्या आठवडे चाललेला खोकला, यांबद्दल संकोच करू नका आणि ते फॉर्मच्या शेवटी ढकलू नका. पहिल्या ओळीत लिहा. फुगवूनही सांगू नका. एकदा विश्वास उडाला की पुढच्या वेळचं खरं दुखणंही हलकं धरलं जातं.

पुरळ, सूज, तीळ यांचा फोटो मागतील. सर्जरीकडून एसएमएसने लिंक येते, त्यावर पाठवायचा. दिवसाच्या उजेडात, एक फोटो जवळून आणि एक लांबून काढा. आपल्या सावळ्या कातडीवर लालसरपणा फोटोत नीट दिसत नाही, म्हणून जागा गरम लागते का, खाजते का, दाबल्यावर दुखते का हे शब्दांत लिहा.

वेळ मिळाली, आता ती पार पाडा

मिळालेली वेळ फोनवरची आहे की प्रत्यक्ष, हे आधी नीट वाचा. फोनवरची असेल तर पुष्कळदा नेमकी वेळ न देता सकाळ किंवा दुपार एवढंच सांगतात, आणि डॉक्टरांचा फोन 'नो कॉलर आयडी' म्हणून येतो. फसवणुकीच्या भीतीने आपण असे फोन उचलत नाही, आणि अपॉइंटमेंट तिथेच हातची जाते. त्या दिवशी अनोळखी फोन बंद करणारं सेटिंग काढून ठेवा. समोरासमोर तपासून घ्यायचं असेल तर तसं सांगा. पोटात, छातीत, कानात दुखत असेल तर ती मागणी रास्तच आहे.

नेहमीची अपॉइंटमेंट दहा मिनिटांची असते. दोन-तीन तक्रारी असतील, दुभाष्या हवा असेल किंवा गुंतागुंतीचं जुनं दुखणं असेल तर वेळ घेतानाच 'डबल अपॉइंटमेंट' मागा. आईवडिलांना इंग्रजी अवघड जात असेल तर मराठी दुभाष्या मागा. तो फोनवर किंवा प्रत्यक्ष मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत, पण आयत्या वेळी मिळणं कठीण. मुलामुलींना दुभाष्या करणं शक्यतो टाळावं असं मी आग्रहाने म्हणेन. सासूबाई सुनेसमोर लघवीवर ताबा राहत नाही हे सांगणार नाहीत, आणि बारा वर्षांच्या मुलाने आईच्या गर्भाशयाबद्दल डॉक्टरांशी बोलायची वेळ येऊ नये. खासगी भागाची तपासणी असेल तर स्त्री डॉक्टर मागता येते आणि सोबतीला 'शॅपरोन' म्हणजे प्रशिक्षित कर्मचारी मागता येते. दोन्ही तुमचे हक्क आहेत. स्त्री डॉक्टर त्या दिवशी नसेल तर थांबावं लागेल इतकंच.

कामावरून सुट्टी मिळत नसेल तर 'एन्हान्स्ड ॲक्सेस'बद्दल विचारा. आसपासच्या सर्जरी मिळून सोम ते शुक्र संध्याकाळी ६:३० ते ८ आणि शनिवारी ९ ते ५ या वेळेत अपॉइंटमेंट देतात. जागा दुसऱ्या सर्जरीत असू शकते. रिसेप्शनवर ती आपणहून सांगतीलच असं नाही, म्हणून नाव घेऊन विचारायचं.

दिवस आला की दहा मिनिटं आधी पोहोचा. दाराशी असलेल्या स्क्रीनवर जन्मतारीख टाकून हजेरी लावायची. नुसतं खुर्चीत जाऊन बसलात तर तुम्ही आलाच नाहीत असं धरलं जाऊ शकतं. आत गेल्यावर सर्वांत महत्त्वाची तक्रार सगळ्यात आधी. "बरं आहे सगळं" अशी सुरुवात करून उठता उठता "आणि छातीत कधीकधी दुखतं" म्हणणारी आपली मोठी माणसं डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची झाली आहेत. मुद्दे कागदावर लिहून न्या. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथी, भारतातून कोणाकडून मागवलेल्या गोळ्या, सगळं सांगा. रागावतील म्हणून लपवण्यात धोका आहे. निघताना दोन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका: हे किती दिवसांत बरं व्हायला हवं? आणि काय झालं तर मी ताबडतोब परत यायचं? ही उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या, कारण पुढच्या मागणीत ती वापरता येतात: "दहा दिवसांत उतरेल म्हणाला होतात, चौदा झाले."

बदलायची असेल, चुकली असेल

जमणार नसेल तर शक्य तितक्या लवकर रद्द करा. आठवणीचा एसएमएस येतो, बऱ्याचदा त्यालाच उत्तर देऊन रद्द होते. नाहीतर ॲप किंवा फोन. रद्द करण्याआधी नवी वेळ कधीची मिळते ते विचारून घ्या, नाहीतर हातातली गेली आणि पुढची महिन्याने, असं होतं. न सांगता चुकवली तर दंड नाही, पण नोंद राहते, आणि वारंवार झालं तर आधी इशारा देऊन सर्जरी तुमचं नाव यादीतून काढू शकते. अडचण खरी असेल, म्हणजे फोन बंद पडला, पोराला ताप आला, तर त्याच दिवशी कळवा. वेळ बदलताना दुखणं वाढलं असेल तर तेही सांगा. नुसती तारीख बदलली की तुमची निकड जुन्या नोंदीवरच राहते.

नंतरचा पाठपुरावा

औषधाची चिठ्ठी हातात मिळत नाही. ती तुम्ही निवडलेल्या फार्मसीकडे परस्पर जाते. घर बदललं की ॲपमध्ये फार्मसीही बदला. प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात (मे २०२४ पासूनचा दर). मुलं, ६० आणि त्यावरची माणसं, गरोदर स्त्रिया आणि बाळंतपणानंतर १२ महिने यांना मोफत, पण गरोदर स्त्रियांनी त्यासाठीचं प्रमाणपत्र मागून घ्यायला हवं. वर्षाला बारा किंवा जास्त औषधांचे पैसे भरावे लागत असतील तर ११४.५० पौंडांचं वार्षिक प्रीपेमेंट सर्टिफिकेट स्वस्त पडतं. रोजच्या गोळ्यांची मागणी निदान आठवडाभर आधी ॲपवरून टाका, आणि सुट्ट्यांचे दिवस धरून चाला.

तपासण्यांचे निकाल ॲपवर येतात. "काही असतं तर त्यांनी कळवलं असतं" या भरवशावर राहू नका. रक्त देतानाच विचारा की निकाल कधी येतील. त्या तारखेनंतर दोन दिवसांनी स्वतः बघा, आणि दिसत नसेल तर विचारा. हॉस्पिटलकडे रेफरल केलं असेल, म्हणजे तिथल्या तज्ज्ञांकडे पाठवलं असेल, तर तसंच. कोणत्या विभागाकडे, साधं की तातडीचं, आणि पाठवलं की पाठवायचं आहे, या तिन्हींची उत्तरं घ्या. पहिल्या भेटीसाठी हॉस्पिटल निवडायचा हक्क बहुतेक वेळा तुम्हाला असतो; थोडं लांबचं निवडलं तर कधीकधी पाळी बरीच लवकर येते. कर्करोगाच्या शंकेवरून तातडीचं रेफरल असेल तर २८ दिवसांत कर्करोग आहे की नाही हे कळायला हवं, असं एनएचएसचं उद्दिष्ट आहे. दोन आठवड्यांत काहीच निरोप आला नाही तर वाट बघत न बसता सर्जरीला फोन करा. त्या काळात भारतात जायची तिकिटं काढली असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

आजारपणाची रजा घ्यायची असेल तर पहिले सात दिवस, शनिवार-रविवार धरून, डॉक्टरांचा कागद लागत नाही, तुमचं स्वतःचं लेखी सांगणं पुरतं. त्यापुढे 'फिट नोट' लागते, आणि ती जुलै २०२२ पासून नर्स, फार्मसिस्ट, फिजिओ हेही देऊ शकतात. तेवढ्यासाठी जीपीची अपॉइंटमेंट अडवू नका.

ऐकून घेत नसतील तर

एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा जात असाल आणि ती वाढत असेल किंवा निदान झालं नसेल, तर 'जेस्स रूल' असा थेट उल्लेख करा. जेसिका ब्रेडी या तरुणीचा २०२० साली, वयाच्या २७व्या वर्षी, कर्करोगाने मृत्यू झाला. त्याआधीचे महिने ती सर्जरीकडे पुन्हा पुन्हा दाद मागत होती. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या जीपींसाठी हा नियम आला: रुग्ण तीनदा येऊनही निदान झालं नसेल किंवा लक्षणं बळावली असतील तर आधीची समजूत बाजूला ठेवून नव्याने विचार करा, प्रत्यक्ष तपासा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्यासाठी आधीच्या दोन भेटींच्या तारखा हाताशी ठेवा; ॲपमध्ये त्या सापडतात. वेगळ्या डॉक्टरांची वेळ मागणं हा कोणाचा अपमान नाही. आपल्या पिढीला शिकवलंय की डॉक्टरांना उलट विचारायचं नाही. इथे विचारलं तर कोणी वाईट मानत नाही, आणि न विचारता गेलेले महिने परत मिळत नाहीत.

तक्रार करायची झाली तर आधी प्रॅक्टिस मॅनेजरला, म्हणजे सर्जरीचा कारभार बघणाऱ्या व्यक्तीला, लेखी कळवा: तारीख, काय झालं, काय व्हायला हवं होतं, आता काय हवं आहे. घटनेपासून १२ महिन्यांच्या आत करायची असते, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत पोच यायला हवी. सर्जरीला थेट सांगायचं नसेल तर तुमच्या भागातल्या एनएचएस सेवा बघणाऱ्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे करता येते. उत्तराने समाधान झालं नाही तर पुढे पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ओंबड्समन, म्हणजे एनएचएसबद्दलच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. तक्रार केली म्हणून तुमचं नाव यादीतून काढता येत नाही.

आणि पटतच नसेल तर सर्जरी बदला. जुन्या सर्जरीची परवानगी लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. नव्या ठिकाणी नोंदणी केली की तुमचे रेकॉर्ड आपोआप तिकडे जातात. फक्त मध्ये अडकलेलं रेफरल, राहिलेली तपासणी आणि चालू औषधांची यादी यांचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, आणि निदान महिन्याच्या गोळ्या हाताशी असतानाच हा बदल करा.